डिस्चार्जनंतरचे सहा आठवडे

जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते आणि दोन-चार दिवसांत रुग्ण घरी जातो. त्यानंतरच्या सहा आठवड्यांना मात्र हैदराबादसारख्या शहरातही कोणी वाली नाही. जाहिरातींत दोनच चेहरे असतात, आधीचा आणि नंतरचा. मधला चेहरा सुजलेला, बधिर आणि पातळ पेजेवर दिवस काढणारा. तो दाखवून कोणी गिऱ्हाईक ओढत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण जाहिरातीने जे गाळले तेच संमतीपत्रातून, खर्चाच्या अंदाजातून, विम्यातून आणि रजेच्या अर्जातूनही गळते, तेव्हा प्रश्न जाहिरातीपुरता राहत नाही. हे सहा आठवडे उपचाराचाच भाग आहेत आणि त्यांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या हिशेबातच धरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या काळात शरीरात काय घडते ते आधी पाहू. ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात खालचा जबडा तोंडाच्या आतूनच दोन्ही बाजूंना दुभंगून सरकवण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना घट्ट बांधून ठेवत. पुढे स्क्रू आणि टायटॅनियमच्या पट्ट्या आल्या. आता बहुतेकांचे रबरबँडवर भागते. तंत्र बदलले, हाडाने आपला वेग बदललेला नाही. ते जुळून यायला आजही सहा ते आठ आठवडे घेते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी रुग्ण घरी निघण्याच्या सुमारास. खालच्या जबड्यातून जाणारा मज्जातंतू ओढला गेल्याने ओठ आणि हनुवटी बधिर होतात. पेज हनुवटीवरून ओघळली तरी कळत नाही. बहुतेकांची संवेदना महिन्यांच्या हिशेबाने परतते, काहींची पूर्ण परतत नाही. वरचा जबडाही हलवला असेल तर नाक चोंदते, आणि शिंकरायला मनाई असते. दात रबरबँडने जखडलेले, बोलणे अस्पष्ट, झोप तुटक, आरशात अनोळखी तोंड. अशात पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मन खचते, ‘हे कशाला करून घेतले’ असे वाटू लागते. शल्यचिकित्सकांना हे चांगले ठाऊक असते. रुग्णाला ते त्या दिवसांतच पहिल्यांदा कळते.

आहाराचे पाहा. शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात, असा आहारशास्त्राचा सर्वसाधारण दंडक आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे रोज 90 ग्रॅम. पेलाभर दुधातून आठेक ग्रॅम मिळतात, ताकातून त्याहून बरेच कमी, फळांच्या रसातून जवळजवळ काहीच नाही. नुसत्या दुधावर भागवायचे तर अकरा पेले होतात, आणि एकेक पेला सिरिंजने गालाच्या कडेने सोडत संपवायला अर्धा तास लागू शकतो. ‘पातळ काहीतरी घेत जा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. मुगाचे कढण, दूध घालून नाचणीची आंबील, गाळलेले वरण तूप घालून, मटणाचा रस्सा गाळून, दुधात प्रथिनांची पावडर, असे दिवसभरात सात-आठ वेळा ठरवून द्यावे लागते. दोन-तीन आठवड्यांनी मऊ खाणे सुरू होते. तेव्हा गहू, डाळ आणि मांस तासन्‌तास घोटून केलेल्या इथल्या हलीमइतका सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही, मसाला तेवढा आवरायला हवा. पण हे सगळे करणार कोण? या शहरात नांदेड, लातूर, धाराशिवहून आलेली हजारो मराठी मुले-मुली माधापूर, अमीरपेठ, गच्चीबावलीच्या पीजींमध्ये राहतात. तिथल्या मेसमध्ये भात आणि पप्पू (डाळ) मिळेल, रात्री दहा वाजता मिक्सर मिळणार नाही. गावी जावे तर नांदेड पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पहिल्या आठवड्यांत तर रबरबँड बदलायला, चावा नीट जुळतो का हे दाखवायला पुन्हा पुन्हा यावे लागते. आईची पेज आणि डॉक्टरची नजर, दोन्ही एका गावात नाहीत.

पोषणाहून मोठी काळजी श्वासाची. याबाबत या शहराचा इतिहास सांगण्यासारखा आहे. 1888 आणि 1889 मध्ये निजामाच्या पैशाने इथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी त्यांचे सूत्रधार होते. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा, हा आयोगांचा निष्कर्ष. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते हे पुढे सिद्ध झाले आणि तो निष्कर्ष एकांगी ठरला, तरी श्वासावर नजर ठेवण्याचा आग्रह योग्यच होता. भूल देण्याच्या कामात जगात अगदी सुरुवातीला उतरलेल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, रूपाबाई फर्दुनजी, याच शहरातल्या. आज शस्त्रक्रियागृहात ही नजर यंत्रांनी पक्की झाली आहे. घरच्या पहिल्या रात्रींचे काय? नाक चोंदलेले, दात बांधलेले, त्यात उलटी झाली तर रबरबँड कापायला उशाशी कात्री ठेवा, डोके उंच ठेवून झोपा, अशा सूचना दिल्या जातात. सूचना बरोबर आहेत. त्या गृहीत धरतात की शेजारी एक जागा माणूस आहे.

आणि तो माणूस नसण्याचे एक कारण आपण सर्वांनी मिळून तयार केले आहे. जबड्याची शस्त्रक्रिया ‘सौंदर्यासाठी’ असा शिक्का एकदा बसला, की रुग्ण ती लपवू लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये जुबिली हिल्समधल्या एका दंतचिकित्सालयात हसू सुधारण्याच्या उपचारासाठी गेलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. भूल जास्त दिल्याचा आरोप वडिलांनी केला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आणि मुलगा हा उपचार घेणार आहे हे घरी माहीतच नव्हते, असेही वडिलांनी सांगितले. 2016 मध्ये उंची वाढवण्यासाठी पायांची हाडे कापून घेतलेल्या तरुण अभियंत्याच्या आईवडिलांनाही बातमी नंतरच कळली होती. दोन्ही उपचार जबड्याच्या शस्त्रक्रियेहून वेगळे, त्यातले वैद्यकीय दोष-अदोष ठरवणे हे माझे काम नाही. पण रूपाशी जोडलेला उपचार माणूस एकट्याने घ्यायला जातो, एवढे त्यातून नक्की दिसते. सहा आठवडे दुसऱ्याच्या हातचे लागणारा उपचार एकट्याने घेणे हा मुळातच धोका आहे.

मुळात तो शिक्काही अर्धवट आहे. ज्यांचे पुढचे दात टेकतच नाहीत, त्यांना पोळीचा घास तोडता येत नाही. दुभंगलेल्या टाळूवर लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांचा वरचा जबडा खुंटतो आणि मोठेपणी तो पुढे आणावा लागतो. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात दोन्ही जबडे पुढे आणणे हा मान्य उपचार आहे. चेहराही सुधारतो, हे खरे. त्याची लाज का वाटावी, हे मला कळत नाही. मोतीबिंदू काढल्यावर माणूस देखणा दिसू लागला असता, तर ती शस्त्रक्रिया आपण चैन ठरवली असती का?

डॉक्टरांकडून एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे: सगळे सांगितले तर रुग्ण घाबरून पळेल. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात या भीतीची दखल घेतलेली आहे. उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगणे न्यायालयाने बंधनकारक मानले, पण दूरच्या, क्वचितच्या धोक्यांनी रुग्णाला घाबरवलेच पाहिजे असे म्हटले नाही. मला वाटते, हाच निकाल इथे डॉक्टरांच्या विरुद्ध जातो. सूज, बधिरपणा, पातळ आहार, वजनातली घट या क्वचितच्या गोष्टी नाहीत. त्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. जे हमखास घडणार ते न सांगता घेतलेल्या सहीला संमती कशी म्हणायची? शिवाय या शस्त्रक्रियेआधी सहसा वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावलेल्या असतात. सांगायला वेळ नव्हता, ही सबब इथे चालत नाही. आणि ऐकून कोणी खरेच मागे फिरला, तर त्याने योग्य निर्णय घेतला असेच मी म्हणेन.

दुसरा आक्षेप खर्चाचा: रुग्णालयाने घरच्या काळाचीही जबाबदारी घेतली तर पॅकेज महागेल. काही प्रमाणात महागेल. पण आहारतज्ज्ञाची एक भेट, रोजचा एक फोन, आणि सोबतीला कोण असेल याची शस्त्रक्रियेआधीच लेखी नोंद, याला टायटॅनियमच्या पट्ट्यांइतका पैसा लागत नाही. सोबत नसेल तर तारीख पुढे ढकलण्याचे धैर्य मात्र लागते. ‘आपल्याकडे कुटुंब असतेच’ या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण पीजीत कुटुंब नसते आणि गावाकडच्या कुटुंबालाही पेरणी, नोकरी, शाळा असतात.

रजेचे गणित तर उघडच बसत नाही. तेलंगणाच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आजारपणाची पगारी रजा वर्षाला 12 दिवस आहे. ज्याला दिवसभर फोनवर बोलायचे असते, त्याची जीभ आणि ओठ बाराव्या दिवशी कामाला लागतीलच असे नाही. आणि विमा? आरोग्य विम्यातील अपवादांची ठरीव कलमे केंद्रीय विमा नियामकाने घालून दिली आहेत. रूप बदलण्यासाठीचा उपचार त्यात वगळला आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा थेट आणि तातडीचा आरोग्यधोका दूर करणारा आवश्यक उपचार एवढीच सवलत आहे. न टेकणारे दात तातडीचा धोका ठरत नाहीत, म्हणून दावा फेटाळायला वाट मोकळी राहते. याच नियामकाच्या ‘आरोग्य संजीवनी’ या नमुना पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या 60 दिवसांचा वैद्यकीय खर्च धरलेला आहे. म्हणजे सुटी झाली तरी उपचार चालू असतो, हे तत्त्व नियामकाला मान्य आहे. जबड्याच्या रुग्णाला ते लागू होण्याआधीच दार बंद होते. चावणे, बोलणे किंवा श्वास यांत मोजता येणारा दोष असेल तर ही शस्त्रक्रिया रूपाच्या कलमात धरू नये, एवढी एका ओळीची दुरुस्ती पुरे आहे. ती करणारे कार्यालय नानकरामगुड्यात, माधापूरच्या पीजींपासून फार दूर नाही.