बांधावरचें बोर आणि कोरियाचा सुका मेवा

आपल्या मासिकांत भात, नारळ, सुपारी व आंबा यांवर वारंवार लेख येतात, व तें योग्यच आहे. आज ज्या झाडाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे, त्यास मात्र आपल्यापैकीं कोणी पीक म्हणत नाहीं. तें कोणी लावीत नाहीं, त्यास कोणी पाणी घालीत नाहीं, आणि तोडतांना कोणी हळहळतही नाहीं. तें झाड म्हणजे बोर.

निमित्त असें झालें. गेल्या दिवाळींत आमच्या सूनबाईंनीं मुंबईहून सुक्या मेव्याचा एक पुडा आणला. आंत तांबूस काळसर, सुरकुतलेलीं, खारकेहून लहान अशीं फळें होतीं. पुड्यावर कोरिया देशाचें नांव होतें. नातवंडांनीं तीं पाहतां पाहतां संपविलीं. मींही एक दांताखालीं घेतलें आणि लगेच ओळखलें कीं, हें बोर आहे! पुड्याची किंमत सूनबाईंनीं सांगितली ती मीं दोनदां विचारून घेतली. त्या वेळीं आमच्या बांधावरची बोर नुकती फळ धरूं लागली होती; आणि पौष-माघांत दरवर्षीं त्या झाडाखालीं बोरांचा सडा पडून कुजतो, हें मी तीस वर्षें पाहत आलों आहें.

हीं दोन्ही बोरें सख्खीं भावंडें नव्हत, चुलत आहेत, हें आधींच सांगितलेलें बरें. कोरिया व चीन या देशांतील बोर थंडी सोसणारी आहे. हिंवाळ्यांत तिचीं पानें झडतात, फळ शरदांत पिकतें, व गर असा असतो कीं वाळल्यावर तो मऊ व गोड राहतो. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत उन्नाब म्हणून जें सुकें फळ खोकल्याच्या काढ्यासाठीं मिळतें, तें त्याच जातीचें. आपली बोर उष्ण प्रदेशाची. तिचें रानटी फळ लहान, बी मोठी, गर थोडा व आंबटगोड. तेव्हां बांधावरचें बोर वाळवून कोरियाच्या पुड्याशीं बरोबरी होईल असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, तेथील लोकांनीं बोराला घरांत जागा दिली व आपण तें पोरांच्या खिशांतच ठेविलें.

कोरियन लोक या फळाला देचू म्हणतात. आल्याबरोबर तें तासन् तास उकळून चहाप्रमाणें पितात. ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत कोंबडीच्या पोटांत चिकट तांदूळ, लसूण, जिनसेंग नांवाची मुळी व सुकीं बोरें भरून ती अख्खी शिजवितात. चिकट भातांत चेस्टनट व बोरें घालून गोड पदार्थही करतात. लग्नांत वडील माणसें नव्या सुनेच्या ओंजळींत, धरलेल्या वस्त्रांत, बोरें व चेस्टनट टाकतात. संततीचा आशीर्वाद म्हणून. हें वाचतांना मला आपलें बोरन्हाण आठवलें. संक्रांतीनंतर आपणही लहान मुलाच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे व हलवा ओततों. सुगडांत बोर लागतें, भोगीच्या भाजींत बोर लागतें. चार दिवसांचा हा मान संपला कीं बोर पुन्हां पायदळीं.

वाळविण्याचें काम आपणांस नवें आहे काय? आमसुलें रसांत बुडवून पुन्हां पुन्हां वाळविणारे, आंबोशी, फणसपोळी, सोडे व जवळा वर्षभर पुरविणारे लोक आपण. मग बोरानेंच काय घोडें मारलें? मला वाटतें, तें फुकट मिळतें हाच त्याचा दोष. कातकरी बाया टोपलींत भरून बाजारांत आणतात, म्हणून तें गरिबाचें फळ ठरलें. रेवदंड्याकडे मीं एका सधन बागाइतदारांस ही गोष्ट काढली, तेव्हां ते हंसले.

मीं मात्र दोन वर्षें करून पाहिलें आहे. पहिल्या वर्षीं फसलों. बोरें वाळलीं असें समजून डब्यांत भरलीं, आणि आषाढांत डबा उघडतों तों बुरशी! दुसऱ्या वर्षीं पुढीलप्रमाणें केलें. फळ पुरतें पिकून तांबूस झालें कीं हातानें उतरवावें. जमिनीवर पडलेलें घेऊं नये, कारण त्यांत बहुधा फळमाशीची अळी असते. धुऊन, उकळत्या पाण्यांत मिनिटभर बुडवून काढावें म्हणजे साल सैल होते व वाळण्यास वेळ कमी लागतो. मग तट्ट्यावर एकेरी पसरावें. आपल्याकडे सूर्य उतरला कीं समुद्राची दमट हवा येते, म्हणून तिसऱ्या प्रहरींच तट्टे घरांत घ्यावे. दहा-बारा दिवस लागतात. बोर दाबून चिकटपणा राहिला नाहीं म्हणजे झालें. दहा किलोंचीं अडीच-तीन किलो उरलीं. घट्ट झांकणाच्या बरणींत भरून मृगापूर्वीं एकदां पुन्हां ऊन द्यावें. आणखी एक गोष्ट: मासळी वाळते त्या बाजूस बोरें घालूं नयेत. आमच्या घरच्यांनीं पहिल्या वर्षीं जें सुनावलें तें येथें लिहीत नाहीं.

वाळलेलें बोर रात्रीं भिजवून, सकाळीं त्याच पाण्यांत आलें घालून मंद आंचेवर शिजवावें व गाळून गूळ घालावा. थंडीच्या दिवसांत चहापेक्षां मला तें अधिक मानवलें. बिया काढून, कांडून, चाळून मीठ, जिरें व थोडें तिखट मिसळलें कीं बोरकूट होतें. शाळेच्या दारांत पोरें पैसे देऊन घेतात तेंच. हरभऱ्याच्या आमटींत आमसुलाऐवजीं चार बोरें टाकलीं, तीं छान लागलीं. बांगड्याच्या कालवणांत टाकून पाहिलीं, तें जमलें नाहीं. तेथें कोकमच हवें. वाळवितांना क जीवनसत्त्वाचा बराच अंश उन्हांत जातो, म्हणून ताजें बोर खाणें सोडूं नये हेंही खरें.

ज्यांस विक्री करावयाची असेल त्यांनीं अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालीं नोंदणी करून घ्यावी. आणि गर जाड हवा असेल तर एक-दोन रानबोरी उन्हाळ्यांत छाटून, पावसाळ्याच्या सुमारास नव्या जोमदार फुटीवर उमराणचा डोळा भरून पाहावा. सगळ्या झाडांवर एकदम करूं नये. ती जात कोरड्या देशाची, आपल्या दमट हवेंत भुरी पडण्याचें भय आहे.

पण झाडें राहिलीं तर हें सर्व. मी महसूल खात्यांत कारकून होतों, म्हणून एवढें ठाऊक आहे कीं, जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ प्रमाणें, सरकारनें राखून ठेविलेलीं झाडें वगळतां, खात्यांतील झाडें खातेदाराचीं असतात. आणि १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींत आंबा, फणस, चिंच, जांभूळ हीं आहेत, बोर नाहीं. म्हणजे आंबा तोडण्यापूर्वीं तरी अर्ज करावा लागतो; बोर एका दुपारीं जाते व कागदावर तिची खूणही राहत नाहीं. २०२४ सालीं जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल सुरूं झाल्यापासून आपल्याकडील जमिनींस गिऱ्हाईक वाढलें आहे. नवा मालक प्रथम तारेचें कुंपण घालतो किंवा भिंत बांधतो, आणि दोन्हीस आड येते ती बांधावरची बोर.

आमच्या दक्षिणेकडील बांधाला लागून असलेली जमीन अशीच विकली गेली. नवे मालक सभ्य गृहस्थ आहेत. भिंत सरळ जावी म्हणून बोर काढण्यास त्यांनीं माझी संमति मागितली व खर्चही देऊं केला. झाड बांधाच्या मध्यावर आहे असें ते म्हणतात. माझ्या मतें तें हातभर माझ्या बाजूस आहे. भांडण नको म्हणून मीं मोजणीचा अर्ज दिला असून, वाळविलेल्या बोरांची एक बरणी त्यांस पाठविली आहे. मोजणीची तारीख माघांत आहे. तोंपर्यंत यंदाचीं बोरें उतरवून तट्ट्यावर घालण्यास पुरता महिना मिळेल.