विश्लेषण : महासंगणक ‘हे खाते कोणाचे?’ या प्रश्नावर का अडतो?

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. अशा यंत्रांची चर्चा होते ती सेकंदाला किती आकडेमोड होते, याचीच. मात्र एकाच यंत्रावर शेकडो-हजारो जण काम करू लागले, की वेग कधी कधी भलत्याच ठिकाणी अडतो. वापरकर्त्याचे खाते शोधण्यात.

खाते शोधावे का लागते?

युनिक्स आणि त्याच वळणाचे लिनक्स माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतात. फाइलवर मालकाचे नाव नसतेच, असतो तो ‘यूआयडी’ क्रमांक. लॉगइन करताना नावावरून क्रमांक आणि फाइलींची यादी दाखवताना क्रमांकावरून नाव शोधावे लागते. ही नोंद पूर्वापार एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. एका खात्याला एक ओळ, ओळीत सात रकाने.

ही फाइल पहिल्या ओळीपासून वाचत जावी लागते. खाती ५० असतील तर काहीच बिघडत नाही. दहा हजार असतील तर एका नावासाठी सरासरी पाच हजार ओळी चाळाव्या लागतात. एका फोल्डरमध्ये वेगवेगळ्या मालकांच्या हजार फाइली असल्या, तर हाच आकडा ५० लाखांवर जातो. साधी यादी उमटायला वेळ लागतो आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो.

उपाय कधी सापडला?

कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या ‘४.३ बीएसडी’ने १९८६ मध्ये या फाइलला ‘हॅश’ निर्देशांकाची जोड दिली. नावावर छोटे गणित करायचे, उत्तर येईल त्या जागी थेट जायचे. हजारो ओळींऐवजी एक-दोन वाचनांत काम होते. पण मूळ फाइल हाताने बदलली आणि निर्देशांक नव्याने बांधला नाही, तर तो बदल यंत्राला दिसतच नाही. वेगासाठी दुसरी प्रत ठेवली, की ती शिळी होण्याचा धोका आलाच.

आज काय होते?

आता खाती बहुधा ‘एलडॅप’सारख्या मध्यवर्ती सर्व्हरवर असतात. मोठे काम सुरू होताच हजारो नोड त्याच क्षणी त्याला एकच प्रश्न विचारतात. म्हणून ‘एसएसएसडी’ ही सेवा मिळालेले उत्तर नोडवरच जपून ठेवते, एरवी ५,४०० सेकंद म्हणजे दीड तास. सर्व्हर बंद पडला तरी काम चालते, हा मोठाच फायदा. पण तेवढा वेळ काढून टाकलेले खातेही नोडला जिवंत दिसू शकते. कामांचे वाटप करणाऱ्या ‘स्लर्म’मध्ये याहून नेटकी सोय आहे. वापरकर्त्याची माहिती कामाबरोबरच नोडवर पाठवता येते, सर्व्हरला विचारण्याची गरजच उरत नाही.

सुरक्षेचे काय?

साठवलेली उत्तरे पुसली, तरी आधीच सुरू असलेले काम थांबत नाही. त्याच्याजवळ क्रमांक असतो आणि नोंदीतून नाव गेले तरी तो चालतो. तोच क्रमांक पुढे नव्या वापरकर्त्याला दिला, तर मागे राहिलेल्या जुन्या फाइलीही त्याच्याच होतात. त्यामुळे संस्था सोडणाऱ्याचे खाते बंद करताना चालू कामे थांबवावी लागतात आणि तो क्रमांक पुन्हा कोणालाही न देणेच बरे.