खात्यात दिसले म्हणजे मिळाले नव्हे

अमेरिकेत घर बदलताना आपण जुनं फर्निचर ऑनलाइन विकतो. माझ्या ३०० डॉलरच्या टेबलासाठी एकाने, न बघताच, १२०० चा बँक चेक पाठवतो म्हटलं. उरलेले ९०० सामान हलवणाऱ्याला द्यायचे! मी नकार दिला.

इथल्या नियमांमुळे चेकचे पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दिसतात. चेक खोटा असल्याचं मात्र आठवड्यांनी कळतं. लबाड गिऱ्हाईक नेमकी हीच फट वापरतं. भरपाई आपल्या खिशातून.

भारतात हाच डाव यूपीआयवर चालतो: ‘क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.’ घरी फोन कराल तेव्हा आईबाबांना एवढं सांगाच: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.