तापाची गोळी आणि गुडघ्याची गोळी

मेहकरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. लिहितात, ‘सहा वर्षांच्या मुलाला मध्यरात्री ताप भरला. वजन अठरा किलो. घरातलं सिरप संपलेलं. सासूबाई म्हणाल्या, माझी गुडघ्याची गोळी अर्धी करून दे, घाम सुटून लगेच उतरेल. दिली आणि उतरलाही. पण आठवडा झाला, मनाला टोचणी लागून राहिली आहे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा लहानाला चालतो का?’

ताई, पट्टीमागचं नाव तुम्ही उतरवून पाठवलंत, हे फार बरं केलंत. ते निमेसुलाइड आहे. हे औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या सरकारने २०११ साली बंदी घातली. कारण आहे यकृत. फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्येच त्याची विक्री थांबवली होती, तीही यकृताच्याच तक्रारींवरून. तेव्हा तुकडा लहान की मोठा, हा प्रश्नच नाही. हे औषधच मुलांचं नव्हे. तुमचा मुलगा खातोपितो, खेळतो आहे, तर एका तुकड्याचा धसका घेऊ नका. पण डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली किंवा सारखी मळमळ असेल, तर मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या आणि काय दिलं होतं ते स्पष्ट सांगा. सासूबाईंना काय वाटेल, म्हणून लपवू नका.

आता मुळाकडे येऊ. ताप, सूज आणि दुखणं यांच्यामागे शरीरात तयार होणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं एक द्रव्य असतं. ॲस्पिरिन हे द्रव्यच बनू देत नाही, असं इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल मिळवलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी त्याच कुळातली. अडचण अशी, की हेच द्रव्य जठराचं अस्तर सांभाळतं आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवायलाही मदत करतं. एका खोलीचा दिवा घालवायला घराचा मेन स्विच बंद करावा, त्यातला प्रकार! पॅरासिटामॉल मात्र ताप आणि दुखणं कमी करतं, सुजेवर फारसं चालत नाही, आणि पोटालाही सहसा त्रास देत नाही. म्हणून साध्या तापाला तेच पुरे.

श्रावणापासून दिवाळीपर्यंत तर हे जास्तच सांभाळायचं. डासांचे दिवस, आणि कुठला ताप डेंग्यूचा निघेल हे पहिल्या दिवशी कळत नाही. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. त्यात ॲस्पिरिन किंवा या कुळातली दुसरी गोळी पोटात गेली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय विषाणूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन दिल्याने रेय नावाचा मेंदू आणि यकृताचा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो. मुलांच्या काही सिरपांत पॅरासिटामॉलबरोबर मेफेनॅमिक ॲसिडही असतं, बरं का! पुढचं ठळक नाव वाचून भागत नाही, बाटली उलटी फिरवून बारीक अक्षरं वाचा.

माप वयावर नाही, वजनावर धरायचं. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. तुमच्या मुलाला १८० ते २७० मिलिग्रॅम. पण सिरपं दोन ताकदीची मिळतात. एकात ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिलं असेल तर साडेसात ते दहा मिलिलिटर लागेल, दुसरं असेल तर पाचच. बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापानेच द्या. घरातला चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सात. दोन वेळांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या, आणि दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त वेळा नको. हे औषधही निर्धोक नाही, जास्त झालं तर यकृतच बिघडतं. मोठ्यांनी दिवसाला ४ ग्रॅमची, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्यांची, हद्द कधीच ओलांडू नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर त्याहूनही कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा.

ताप १०१ असला आणि मूल हसतंखेळतं असलं, तर गोळीची घाईच नको. भाताची पेज, पाणी आणि अंगावर हलके कपडे पुरतात.

राहिल्या सासूबाई. दुखऱ्या गुडघ्यांना या गोळ्यांनी खरंच आराम पडतो, संधिवाताचा माणूस त्यांच्यामुळे उठून चालू लागतो. पाळीच्या कळांवर मेफेनॅमिक ॲसिडचा गुण किती जणींनी घेतला असेल! (त्या गोळीने अंगावर पुरळ, ताप आणि गाठी असा गंभीर त्रास क्वचित होतो, असा इशारा २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने दिला आहे.) पण डॉक्टरांना न विचारता, मेडिकलमधून मागवून रोज एक, हे चालायचं नाही. रक्तदाब वाढतो, जठरात व्रण पडतात. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर ते पोटातलं रक्त समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मूत्रपिंडाचं काय, हे गिधाडांना विचारावं. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती पटापट मेली. हे कारण २००४ मध्ये उजेडात आलं आणि २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणसाची गिधाडाइतकी नाजूक अवस्था नसते, हे खरं. पण वैशाखात शेतातून घामाघूम होऊन यायचं, पाणी पुरेसं प्यायचं नाही आणि वर अंगदुखीची गोळी घ्यायची, हे माणसाच्याही मूत्रपिंडाला झेपत नाही. आणि ऊन लागून अंग तापलं असेल, तर पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही. तो ताप रोगाचा नसतो. माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. बडबडू लागला किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय.

पत्राच्या शेवटी विचारलं आहे, की जाऊबाईंना सातवा महिना आहे, कंबर दुखते, तीच गोळी द्यावी का? मुळीच नाही. पाच महिन्यांनंतर या कुळातल्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याची भीती असते. त्यांना पाठीमागे उशी घेऊन बसू द्या, कमरेला कोमट शेक द्या, जड कळशी उचलू देऊ नका. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, आणि तेही त्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून.