पोरगं हेरणारा माणूस

परवा शुक्रवारी वारा जरा पडला म्हणून संध्याकाळी लेबर कॅम्पच्या मागे चक्कर मारायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुक्म म्हणजे मस्कतपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर दक्षिणेला, अरबी समुद्राच्या काठावर. पूर्वी कोळ्यांची वस्ती. आता बंदर, ड्राय डॉक आणि २०२४ साली रीतसर उद्घाटन झालेली, दिवसाला २ लाख ३० हजार बॅरल क्षमतेची रिफायनरी. करमणुकीला मात्र वाळू आणि वारा! त्याच वाळूत दगडांचे गोलपोस्ट मांडून बांगलादेशी, नेपाळी, मल्याळी पोरं फुटबॉल खेळत होती.

माझ्यासोबत आमच्या साइटवरचा टेक्सासचा एक वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. एका चपळ पोराकडे बघून म्हणाला, "माझा भाऊ इथे असता तर याचं नाव एव्हाना त्याच्या वहीत गेलं असतं."

त्याचा भाऊ बरीच वर्षं एका छोट्या कॉलेजात फुटबॉलचा असिस्टंट कोच होता. मंडळी, तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळायचा. पण तिथे असिस्टंट कोच ही रीतसर पोटापाण्याची वाट आहे. सुरुवातीला पदवी घेता घेता तुटपुंज्या पैशांत राबायचं, मग खेळाडूंचा एक गट हाताखाली येतो, नशीब असेल तर पुढे मुख्य कोच. मुख्य कोचला काढलं की बहुतेक वेळा यांचंही बिऱ्हाड हलतं. आणि शिकवण्याइतकंच मोठं दुसरं काम म्हणजे पोरं आणणं. प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिलेला. तिथल्या शाळा पालथ्या घालायच्या, सामने बघायचे, पोराच्या घरी जाऊन बसायचं.

"भाऊ म्हणायचा, पोरगं शोधणं सोपं आहे. अवघड काय, तर त्याच्या आईसमोर बसून 'मी बघतो त्याच्याकडे' म्हणणं. कारण नंतर खरंच बघावं लागतं."

हे ऐकून मी गप्प झालो. त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी राधानगरीकडच्या एका आयटीआय झालेल्या पोरासाठी मी इथल्या एका ठेकेदाराकडे शब्द टाकला. फिटरची जागा होती. सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांच्या सोप्यात बसून चहा प्यायलो. त्याची आई म्हणाली, "तुमी हाय न्हवं तिथं, मग कशाची काळजी!" मी म्हणालो, "मी आहे ना मावशी." पोरगं आलं आणि पंधरा दिवसांत मला तीन महिन्यांसाठी मस्कतला पाठवलं. इकडे त्याला फिटर सोडून हेल्परच्या कामाला जुंपलं होतं. बोलायचं कोणाशी हे त्याला कळेना, मला फोन करायची भीड वाटली. आणि मी? 'रुळला असेल' असं समजून चालत होतो. चौथ्या महिन्यात तो परत गेला.

ठेकेदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या सोप्यात चहा ठेकेदार प्यायला नव्हता.

याच्या उलट गोष्ट याच ओमानमधली. जॉन बरिज हा इंग्लंडचा जुना गोलकीपर. १९९५ साली वयाच्या ४३ व्या वर्षी तो प्रीमियर लीगमध्ये खेळला होता! पुढे तो ओमानच्या संघाचा गोलकीपिंग कोच झाला. म्हणजे मुख्य कोच नव्हे, बाजूचा माणूस. त्याला अली अल-हब्सी हा पोरगा दिसला. मुदैबी गावचा, विमानतळावर अग्निशामक दलात नोकरी करणारा. बरिजनं नुसतं 'बरा आहे' अशी शिफारस करून सोडून दिलं नाही. त्याला घडवलं आणि युरोपातल्या क्लबांकडे त्याच्यासाठी खटपट केली. २००३ मध्ये अली नॉर्वेच्या लिन क्लबात गेला, २००६ मध्ये बोल्टनला, मग विगनला. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला ओमानी तोच. २००४ आणि २००७ असे लागोपाठ दोन अंतिम सामने हरलेल्या ओमाननं २००९ मध्ये मस्कतला गल्फ कप जिंकला, तो पेनल्टीवर, आणि गोलात अलीच उभा होता.

आता आपल्याकडे या. कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल किती भिनलाय हे मी सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की काय होतं ते पाहिलेल्यालाच ठाऊक! तिथलाच अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जात २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे सरकारी निवडीतूनही रत्नं निघतात. उंची मोजा, तीस मीटर पळवा, मेडिसिन बॉल फेकायला लावा. या चाचण्यांना मी नावं ठेवत नाही.

माझं म्हणणं पुढचं आहे. आपल्याकडे हेरणारा एक, निवडणारा दुसरा आणि शिकवणारा तिसरा असतो. गावातला खेळाचा मास्तर पदरमोड करून पोरांना एसटीनं चाचणीला नेतो. पोरगं निवडलं गेलं की त्याचं काम संपलं. पुढे हॉस्टेलवर त्या पोराचा गुडघा दुखावला, घरची आठवण येऊन ते जेवेनासं झालं, तर ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे तो माणूस दोनशे किलोमीटर लांब असतो. त्या मास्तरला या कामासाठी ना पद, ना पगार, ना प्रवासखर्च. मग पोरगं गळालं की आपण म्हणतो, 'त्याच्यात जिद्द नव्हती.'

अमेरिकेतलं सगळं आलबेल आहे असं नाही. पोराची सही घेऊन स्वतः मोठ्या पगारावर दुसऱ्या कॉलेजात जाणारे कोच तिथेही ढिगानं आहेत. पण आणणारा आणि शिकवणारा एकच असावा, निदान एकाच छपराखाली असावा, ही मूळ कल्पना मला पटते. खोटं आश्वासन दिलं तर सकाळी मैदानावर त्याच पोराच्या डोळ्यांत बघावं लागतं. आखातात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला ते कधीच बघावं लागत नाही, म्हणून तो वाटेल ते बोलतो.

तेव्हा क्रीडा खात्यानं 'किती मुलं निवडली' हा आकडा छापण्याबरोबर 'त्यातली तीन वर्षांनी कुठे आहेत' हाही छापावा. आणि हेरणाऱ्या मास्तराला ती तीन वर्षं पोराला भेटत राहण्याचे पैसे द्यावेत.

असो. शुक्रवारी रात्रीच त्या पोराला फोन लावला. आता शिरोलीला एका वर्कशॉपमध्ये आहे, बरं चाललंय म्हणाला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे हो दादा." तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विचारलं, "तुमी बरं हाय न्हवं?"

दोन वर्षांत हाच प्रश्न मी तिच्या पोराला एकदाही विचारला नव्हता.