दक्षिणमुखी वारा

दिवाळी अंकासाठी फराळाविषयी लिहावे की फटाक्यांविषयी, यावर आमच्या घरी दरवर्षी दोन पक्ष पडतात. यंदा दोघांनाही नाराज करून मी वाऱ्याविषयी लिहीत आहे. बालाघाटावरचा वारा आम्हां बीडकरांच्या चांगल्या ओळखीचा. हा मात्र थेट सूर्यावरून येतो.

सूर्यातून विद्युत्भारित कणांचा झोत अहोरात्र बाहेर पडतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर. येताना तो सूर्याचे चुंबकत्वही बरोबर आणतो. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक. तिच्या चुंबकत्वाचे कवच सूर्याच्या बाजूला सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत पसरले आहे. बहुतेक वारा या कवचाला वळसा घालून निघून जातो.

मग वादळ केव्हा होते? खरी गोम दिशेत आहे. कवचाच्या सूर्याकडील अंगाला पृथ्वीच्या बलरेषा उत्तरमुखी असतात. वाऱ्यातल्या रेषाही उत्तरमुखी असल्या, तर दार बव्हंशी बंद राहते. त्या दक्षिणमुखी असल्या, की विरुद्ध रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि वाऱ्याची शक्ती आत शिरते. मारुती दक्षिणमुखी असला म्हणजे आपण त्याला जागृत म्हणतो. वारा दक्षिणमुखी झाला म्हणजे होकायंत्राची सुई जागी होते!

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत असेच झाले. तिथल्या नोंदींत पृथ्वीचे आडवे चुंबकत्व सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. एरवीच्या मोठ्या वादळात ही घट दोन-तीनशेच्या घरात असते. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही कुलाब्याचीच वही उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली. मुंबई सुधारली आणि सुयांना गाव सोडावे लागले!

आमच्या शेजारच्या नानांनी हे सगळे ऐकून विचारले, "समदं खरं मास्तर, पण आपल्या बीडाला त्याचं काय?"

प्रश्न रास्त आहे. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात बसले. बीड ध्रुवांपासून दूर, म्हणून वीज जाण्याचे तेवढे भय नाही. पण मोबाइलवरचा नकाशा ज्या उपग्रहांच्या भरवशावर चालतो, त्यांचे संदेश अशा वेळी आपल्याकडेही चुकू शकतात. मे २०२४ च्या वादळात तर लडाखच्या हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला.

२०२४ च्या जानेवारीपासून भारताचे 'आदित्य-एल१' यान १५ लाख किलोमीटरांवर पहारा देत आहे. सूर्यावर स्फोट झाला, हे आपल्याला एक-दोन दिवस आधी कळते. पण वाऱ्याचे तोंड कोणीकडे, हे तो त्या चौकीपाशी आल्यावरच नक्की समजते. तिथून पृथ्वी फार तर तासाभराच्या वाटेवर. पाहुणे निघाल्याची तार आधी यावी, पण त्यांचा रागरंग वेशीवरच कळावा, तशातला प्रकार. तो तास दोन दिवसांचा कसा करावा, हे कोडे शास्त्रज्ञांपुढे अजून आहे. शाळेत जाणाऱ्या नातवंडांनी ते खुशाल हाती घ्यावे.