जुना संगणक टाकण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नित्याचा आधार संपला, तेव्हा घरचा जुना संगणक निरुपयोगी झाला, अशी पुष्कळ पालकांची समजूत झाली. आमच्या मते ती चुकीची होय. सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली अशा बहुतेक यंत्रांवर चालू शकते. मात्र यंत्रात प्रथम जागे होते ते फर्मवेअर. त्याची सिद्धता आधी करावी. बहुधा त्यात पेनड्राइव्हला पहिला क्रम दिला म्हणजे पुरे होते. गरज नसता फर्मवेअर नव्याने लिहिण्याचा उतावळेपणा करू नये. मध्येच वीज गेल्यास यंत्र कायमचे मुके होण्याचे भय असते, आणि अकोटात विजेचा नेम कोणी सांगावा? विद्यार्थ्यांनो, आधी आपली टिपणे अन्यत्र उतरून घ्या, मग हात घाला. सावधपणाशिवाय काटकसर साधत नाही.